तलाव गार होऊ लागला आणि मासे लागेनासे झाले. शरदात गळ कुठे आणि किती खोल टाकायचा?

काठावरचा:

नमस्कार मंडळी,

उन्हाळाभर ज्या तलावात मी गळ टाकतो, तिथलं चित्र गेल्या काही दिवसांत पार पालटलं आहे. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

तलाव मध्यम आकाराचा आहे. सगळ्यात खोल जागा १२ मीटरच्या आसपास. उत्तरेच्या टोकाला एक ओढा येऊन मिळतो. पश्चिमेचा काठ उथळ आणि पाणवनस्पतींनी गच्च, पूर्वेचा खडकाळ आणि एकदम उतरता. माझ्याकडे वल्ह्यांची छोटी होडी आहे. सोनार (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) वगैरे काही नाही.

उन्हाळ्यात सगळं ठरलेलं असायचं. उजाडता उजाडता पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला जायचं आणि चार-पाच मीटर पाण्यात छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) नाहीतर रबरी मासा फिरवायचा. पर्च मासे लागायचेच, अधूनमधून एखादा पाइक हा मोठा शिकारी मासाही यायचा. आता त्याच जागी, त्याच वेळी, त्याच आमिषांना कोणी हुंगतसुद्धा नाही.

पाणीही बदललंय. आधी होडीतून वाकून बघितलं की दोन-अडीच मीटर खालचं दिसायचं. आता कोपरापर्यंत हात बुडवला तर स्वतःची बोटं धूसर दिसतात. कुजलेल्या वनस्पतींचे तुकडे आणि तपकिरी गाळाचे पापुद्रे वर तरंगतात, आणि खोल भागावर होडी नेली की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पृष्ठभागाचं तापमान १३-१४ अंश सेल्सिअस आहे.

खोल जाऊ की उथळ पाण्यात शोधू? आमिष मोठं करू की लहान? की आता वसंतापर्यंत काठी गुंडाळून ठेवायची? वसंतापर्यंत थांबायची माझी अजिबात तयारी नाही, म्हणून विचारतोय.


खोलपाणी:

खोल जा. गारवा सुरू झाला की मासे तळाकडे सरकतात. तुमच्या तलावातली १० ते १२ मीटरची जागा गाठा, जड धातूचा स्पून (चमच्यासारखं आमिष) सरळ तळापर्यंत सोडा आणि जागेवरच वरखाली करत राहा. काठाकडे आता वेळ घालवू नका. मी शरद संपता संपता असेच पर्च काढतो आणि चांगले मोठे मिळतात.


पाणथळ:

काठावरचा, तुम्ही पाण्याचं वर्णन इतकं नीट केलंय की निम्मं उत्तर त्यातच आलंय. तुमचा तलाव सध्या उलटतोय. जरा सविस्तर लिहिते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे दोन महिने कुठे जायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

खोलपाणी यांनी सांगितलेली पद्धत उत्तम आहे, मीही ती वापरते, पण ती शरदाच्या शेवटाची आहे. आत्ता तुमच्या तलावात ११ मीटरवर मासा असण्याची शक्यता फार कमी. का ते सांगते.

भर उन्हाळ्यात १२ मीटर खोलीच्या तलावात पाण्याचे थर पडलेले असतात. वरचं पाणी कोमट आणि हलकं, खालचं गार आणि जड. दोन्हींच्या मध्ये जो पट्टा असतो त्यात तापमान झपाट्याने उतरतं, मीटरमागे एक अंश किंवा त्याहूनही जास्त. हीच थर्मोक्लाइन. वारा वरचा थर घुसळत राहतो, पण तो जोर या पट्ट्याच्या खाली पोचत नाही. म्हणजे खालच्या पाण्याचा हवेशी संबंधच तुटतो. वरून पडणारा पालापाचोळा, मेलेलं शेवाळ, सगळं खाली कुजत राहतं आणि तिथला ऑक्सिजन संपत जातो. ज्या तलावात पाणवनस्पती आणि शेवाळ भरपूर, तिथे उन्हाळा संपेपर्यंत तळाचं पाणी माशांना राहण्याजोगं उरत नाही. तुम्हाला येतो तो सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन नसलेल्या गाळात हा वायू तयार होतो. तो तुमच्या नाकापर्यंत पोचतोय याचा अर्थ तळाचं पाणी आता वर मिसळायला लागलंय.

रात्री गार होऊ लागल्या की पृष्ठभागाचं पाणी थंड होतं, जड होतं आणि खाली बुडतं. दररोज थोडं थोडं. वरचा थर जाड होत जातो, थर्मोक्लाइन खाली ढकलली जाते, आणि एक वेळ अशी येते की वरच्या आणि खालच्या पाण्याच्या वजनात फरक राहत नाही. मग एखादा जोराचा वारा अख्खा तलाव ढवळून काढतो. बरेच जण म्हणतात की पाणी ४ अंशांवर आलं की तलाव उलटतो. पाणी ४ अंशांच्या आसपास सगळ्यात जड असतं हे बरोबर, पण उलटण्यासाठी वरचं पाणी खालच्याइतकं गार झालं की पुरतं. तळाला ९ अंश असतील तर पृष्ठभाग ९ च्या जवळ आला की काम झालं. म्हणून शेजारशेजारचे दोन तलावही वेगवेगळ्या आठवड्यांत उलटतात. उथळ, वाऱ्यावरचा तलाव तर उन्हाळ्यातही अनेकदा ढवळला जातो, त्याचे थर टिकतच नाहीत.

आता माशांचं बघू. ढवळणं चालू असताना ऑक्सिजन नसलेलं खालचं पाणी वरच्या चांगल्या पाण्यात मिसळतं, त्यामुळे काही दिवस बऱ्याच भागाला एकूणच ऑक्सिजन कमी पडतो. मासे मंदावतात, जागा सोडतात. त्याच सुमाराला तुमच्या पश्चिम काठावरच्या पाणवनस्पती मरायला लागतात. जिवंत हिरवी वनस्पती दिवसा ऑक्सिजन देते, तपकिरी पडलेली कुजताना तो खाते. त्यामुळे बारीक मासळी तिथून निघते आणि तिच्या मागोमाग पर्च. तुमची उन्हाळ्यातली जागा ओस पडली ती अशी.

आणि ढवळणं पूर्ण झालं की उलटंच होतं. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम, १० अंशांच्या पाण्यात ११ च्या वर. शिवाय आता तो तळापर्यंत पोचलेला असतो. उन्हाळ्यात पर्चना वरच्या सहा-सात मीटरमध्येच कोंडून राहावं लागत होतं, आता सगळा तलाव मोकळा. मासे तेवढेच, त्यांचा वावर दुप्पट झाला, म्हणून सापडत नाहीत. लोक याच वेळी आमिषांचे डबेच्या डबे बदलतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आमिष बदलण्याआधी तलाव कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधा.

त्यासाठी सोनार लागत नाही, थर्मामीटर लागतो. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तर वर ओढेपर्यंत आकडा बदलतो. मी एक जाड काचेची बाटली वापरते. तळाला भरपूर शिसं बांधायचं, तोंडाला रबरी बूच, आणि बुचाला त्याच दोरीचा फाटा अशा बेताने बांधायचा की दोरीला हिसका दिला की बूच निघेल. दोरीवर मीटरमीटरला रंगीत धाग्याच्या गाठी. हव्या त्या खोलीला बाटली थांबली की हिसका. बुडबुडे वर आले आणि थांबले म्हणजे बाटली भरली. थोडा वेळ राहू द्यायची, म्हणजे काचही त्या पाण्याइतकी गार होते, मग भराभर ओढून लगेच थर्मामीटर आत. दर दोन मीटरला एकदा, एवढं पुरे. आणि ११ मीटरचं पाणी वर आलं की ते हुंगून बघा. वास आला तर तिथे गळ टाकण्यात अर्थ नाही, हे त्याच क्षणी कळतं.

तोपर्यंत, म्हणजे पाणी ढवळलेलं असेपर्यंत, तीन ठिकाणं धरा. पहिलं, ओढ्याचं तोंड, कारण वाहतं पाणी ऑक्सिजन घेऊन येतं. दुसरं, जिथे अजून हिरवी वनस्पती शिल्लक आहे तो तुकडा. घरातल्या एखाद्या खोलीएवढा असला तरी चालेल. वल्ह्याने एक फांदी ओढून बघा: कडक, हिरवी, मोडताना कट्‌ आवाज करणारी असेल तर थांबा, हातात लगदा आला तर पुढे चला. तिसरं, तलावाचा असा कप्पा जो मुळातच तीन-चार मीटरपेक्षा खोल नाही. तिथे उन्हाळ्यात थर पडलेलेच नसतात, त्यामुळे उलटण्याची झळ कमी बसते.

गढूळ पाण्यात माशाला दूरचं दिसत नाही, म्हणून आमिष त्याच्या जवळून, हळू आणि थरथरत जायला हवं. पात्याचा स्पिनर चालेल, फक्त पातं जेमतेम फिरत राहील इतकाच वेग ठेवा. रंग काळा किंवा भडक पिवळा. आणि तरंगणारी पानं हुकात अडकून प्रत्येक फेक वाया जाते. तीन काट्यांचा हुक काढून एकेरी लावा, त्रास निम्म्यावर येतो.

पाइकसाठी पोलादी तारेचा तुकडा पुढे हवाच, गढूळ पाणी असो की निवळ. दातांनी दोरा कापला तर माशाच्या तोंडात हुक राहतो, आणि ते मला चालत नाही.


काठावरचा:

पाणथळ ताई, मनापासून आभार. बाटली बनवली! पहिल्यांदा बूच निघेना, मग शिसं दुप्पट केलं आणि जमलं. खोल भागावरचे आकडे देतो:

पृष्ठभाग १३.४, २ मीटर १३.४, ४ मीटर १३.३, ६ मीटर १३.१, ८ मीटर १२.६, १० मीटर ९.८, ११ मीटर ९.२. अकरा मीटरच्या पाण्याला वास होता, आणि चांगलाच. आठच्या पाण्याला नाही.

ओढ्याच्या तोंडाशी ११ अंश. तिथे एक गोष्ट दिसली: ओढ्याचं पाणी तलावात साधारण पंधरा-वीस पावलं आत येतं आणि मग एक रेघ दिसते. रेघेवर फेस आणि पानं जमलेली, पलीकडे तलावाचं मचूळ पाणी. त्या रेघेवर स्पिनर फिरवला आणि दोन पर्च लागले. बऱ्याच दिवसांनी! पण मग बंद. पुढे काय करू?


पाणथळ:

वा! तुमचे आकडे फारच बोलके आहेत. आठ मीटरपर्यंत तलाव एक झालाय. आठ आणि दहाच्या मध्ये जवळजवळ ३ अंशांची पायरी आहे, तीच उरलेली थर्मोक्लाइन. तिच्या खालचं पाणी अजून उन्हाळ्याचंच, शिळं. म्हणजे उलटणं पूर्ण व्हायचंय. पृष्ठभाग आणखी तीनेक अंश उतरला आणि जोराचा वारा आला की ही शेवटची पायरी मोडेल. त्यानंतर वास आणि गढूळपणा आठवडाभर कदाचित वाढेल, मग पाणी निवळायला लागेल. तोपर्यंत ९ मीटरच्या खाली आमिष सोडू नका.

आणि ती रेघ! तिच्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ओढ्याचं पाणी ११ अंशांचं, तलावाचं १३.४. ओढ्याचं पाणी जड, त्यामुळे ते तलावावर पसरत नाही, त्या रेघेपाशी बुडी मारतं. फेस आणि पानं वर अडकून पडतात कारण पाणी त्यांच्याखालून खोल जातंय. बुडालेलं पाणी तळाच्या उताराला धरून सरकत राहतं, आणि त्याच्याइतक्याच वजनाचं पाणी भेटेल त्या खोलीला पसरतं. तुमच्या आकड्यांवरून ती खोली आठ ते दहा मीटरच्या मधली. म्हणजे ओढ्याच्या तोंडापासून खोल भागाकडे, तळालगत, ताज्या पाण्याची एक वाट तयार झालेली आहे. वरून काही दिसत नाही. पर्च रेघेवर लागले आणि मग बंद झाले, कारण घोळका त्या वाटेने थोडा खाली सरकला असणार.

तर असं करा. होडी रेघेच्या वीस-तीस पावलं पलीकडे, ५-६ मीटर पाण्यावर नांगरून ठेवा. पुढचा आणि मागचा असे दोन नांगर, म्हणजे होडी गोल फिरणार नाही. १०-१२ ग्रॅमचा अरुंद स्पून किंवा जिगला (शिशाचं डोकं असलेल्या हुकाला) लावलेला बोटभर रबरी मासा सरळ खाली सोडा. तळाला टेकला की दोरा सैल पडतो, ते दिसेल. अर्धा मीटर उचला. मग काठीचं टोक मनगटानेच वीतभर वर, आणि खाली येताना दोरा ना ताणलेला ना लोंबकळता, स्पूनच्या मागोमाग टोक खाली आणायचं. दोरा फार ताठ ठेवला तर स्पून लोलकासारखा सरळ येतो, फडफडत नाही. पार सैल सोडला तर मासा कधी घेऊन गेला ते कळत नाही.

गार पाण्यात पर्चची ओढ हाताला जाणवेलच असं नाही. बहुतेक वेळा तो स्पून पडता पडता घेतो. दोरा पाण्यात शिरतो त्या बिंदूवर नजर ठेवा. स्पून तळाला टेकायच्या आधीच दोरा थांबला, किंवा हातभर बाजूला सरकला, की उचला. विचार करत बसलात तर तो थुंकून मोकळा होतो. मी त्यासाठी भडक पिवळा वेणीचा दोरा वापरते आणि पुढे दीडेक मीटर फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा. डोळ्यांना दोरा दिसतो, माशाला कमी दिसतो.

वेळेचंही बदला. उन्हाळ्यातली पहाट आता सोडा. पाणी दहाच्या खाली गेलं की दुपारी बारा ते तीन ही वेळ बहुतेकदा बरी असते, विशेषतः ज्या काठावर ऊन पोचतं तिथे. आणि सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेचा हलका वारा असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात तोच धरा. पृष्ठभागाचं उबदार पाणी आणि त्यातलं सूक्ष्म खाद्य तिकडे ढकललं जातं, बारीक मासळी तिकडे जाते.

पाणी निवळल्यावर मात्र खोलपाणी यांचं ऐका. तेव्हा पूर्वेकडचा तुमचा खडकाळ उतार सोन्यासारखा. मासा उतारावर थोडंसं पोहून खोली बदलू शकतो, म्हणून शरदाच्या शेवटी असे उतार त्याला सोयीचे पडतात. पाइकसाठी तिथेच, पाण्यात एका जागी स्थिर राहणारा लांबट प्लग (माशाच्या आकाराचं कडक आमिष) वापरा: दोन हलके झटके, मग थांबा. पाणी १५ अंशांवर असताना दोन-तीन सेकंद, ७-८ अंशांवर दहा-पंधरा सेकंदसुद्धा. तेवढा वेळ काहीही न करता थांबणं फार जड जातं, पण पाइक घेतो तो त्या थांब्यातच.


खोलपाणी:

पाणथळ, ओढ्याच्या पाण्याचं हे गणित मला नवीन होतं. माझा तलाव १८ मीटरचा, ओढा नसलेला आणि पाणी स्वच्छ. तिथे उन्हाळ्यातही तळाला ऑक्सिजन टिकत असावा, कारण खोलात मासे मिळतात. म्हणून मी सरसकट खोल जा म्हणालो. तलावातलाच फरक आहे हा.

काठावरचा यांना एक भर घालतो. तुमच्या तलावात ट्राउट असतील तर नियम आधी बघा. ब्राउन ट्राउट शरदातच अंडी घालतो आणि पुष्कळ ठिकाणी त्या काळात तो पकडायला बंदी असते. ओढ्याच्या तोंडाशी तर हमखास, कारण ते तिथूनच वर चढतात. परवाना आणि मुदती बघूनच तिथे नांगर टाका.


शांतलाट:

मी फक्त होडीबद्दल लिहिते. वल्ह्यांची छोटी होडी, दोन नांगर, थंड पाणी, आणि बहुधा एकटा माणूस. हे वाचून राहवलं नाही.

१३ अंश ऐकायला फार गार वाटत नाही, पण १५ च्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की छाती आखडते, श्वास ताब्यात राहत नाही, आणि तोंड पाण्याखाली असताना एक श्वास ओढला गेला तरी पुरतो. पहिलं मिनिट फक्त डोकं वर ठेवून श्वास आवरायचा. त्यानंतर अतिगार पाण्यात साधारण दहा मिनिटंच हातपाय कामाचे राहतात, मग बोटं होडीची कड धरू शकत नाहीत. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगावर हवं, बसायला खाली घेतलेलं नको. वाऱ्यात कधीही मागच्या बाजूने एकच नांगर टाकू नका, लाट मागून आत येते. आणि दोन्ही नांगरांच्या दोऱ्या एका हाताने सुटतील अशा बांधा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी अंगाला, होडीला नाही.


काठावरचा:

शांतलाट ताई, जाकीट आहे, पण खरंच बाकावर ठेवलेलं असायचं. आता अंगावर घालूनच निघतो. खोलपाणी, आमच्या तलावात ट्राउट नाहीत, तरी ओढ्याच्या तोंडाशी काही बंदी आहे का ते बघितलं. सध्या नाही.

पाणथळ ताई, सांगितल्याप्रमाणे रेघेच्या पलीकडे ६ मीटरवर नांगर टाकला. दोरा स्पून टेकायच्या आधीच थांबतो, ते अगदी तसंच दिसलं! पर्च मिळाले, छान जाड. छोटे सोडून दिले. पुढे तलाव निवळल्यावर १० मीटरच्या खाली जाईन तेव्हाचा एक प्रश्न: तेवढ्या खोलीतून काढलेल्या पर्चचं पोट तोंडातून बाहेर येतं असं ऐकलंय. मग लहान मासे परत कसे सोडायचे?


पाणथळ:

हे आधीच विचारलंत ते फार बरं केलंत. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत माशाच्या वाताशयातली (पोटातल्या हवेच्या पिशवीतली) हवा दुप्पट जागा घेते. पाइक, कार्प, ट्राउट यांच्या वाताशयापासून घशापर्यंत नळी असते, त्यांना हवा सोडता येते. पर्चला ती नळी नसते. त्याची हवा रक्तातूनच हळूहळू निघते, आणि त्याला तास लागतात. म्हणून वाताशय फुगतं, जठर तोंडात ढकललं जातं, डोळे बाहेर येतात. तुम्ही सावकाश वर ओढलात तरी काही मिनिटांत फरक पडत नाही. असा मासा सोडला की पोट वर करून तरंगत राहतो, आणि पोहून खाली गेला तरी पुढे जगेलच असं नाही. सुई टोचून हवा काढायचा उपाय सांगतात. सराव नसलेल्या हाताने आतले अवयव फाटतात, तुम्ही तो करू नका.

माझा नियम असा आहे. ८ मीटरच्या खाली पर्चवर गळ टाकायचा तर लागेल तो मासा ठेवायचा, लहान असला तरी, आणि गरजेपुरते झाले की तिथून उठायचं. किमान लांबीच्या नियमामुळे लहान मासा ठेवताच येत नसेल, तर त्या खोलीवर जायचंच नाही. फक्त पकडून सोडायची हौस असेल त्या दिवशी ५-६ मीटरवरच राहायचं. शरदाच्या शेवटी खोलात मोठे घोळके एका जागी दाटतात, प्रत्येक वेळी दोरा थांबतो, हात थांबवणं अवघड होतं. तेव्हा नांगर उचला आणि पूर्वेच्या उतारावर पाइक बघायला जा. तिथे सोडलेला पाइक नीट पोहत जातो, फक्त त्याला पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवा, आणि हवा शून्याखाली असेल तर अजिबात बाहेर काढू नका, कल्ले गोठतात. लांब चिमट्याने पाण्यातच हुक सोडवा.

पुढच्या खेपेला पृष्ठभाग आणि १० मीटर, एवढे दोनच आकडे टाका. त्यांच्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत आला आणि तळाच्या पाण्याचा वास गेला की पूर्वेच्या उतारावर कुठून सुरुवात करायची ते सविस्तर लिहीन.